कवटीत न सापडलेले क्रौर्य

जबलपूरहून नागपूरला जाणारा रस्ता तिलवाराघाटाशी नर्मदा ओलांडतो आणि बरगी, धूमा, लखनादोन, छपारा, सिवनी अशी गावे मागे टाकत दक्षिणेला उतरतो. आज बरगी म्हटले की नर्मदेवरचे मोठे धरण डोळ्यांपुढे येते. दोनशे वर्षांपूर्वी धरण नव्हते. दोन्ही बाजूंना साग-सालईचे रान होते आणि मधून भोसल्यांच्या नागपूरला उत्तर हिंदुस्थानाशी जोडणारी वाट जात होती. सावकारांचा ऐवज घेऊन निघालेले हरकारे, कमरेला पगार बांधून रजेवर निघालेले शिपाई, काशी-प्रयागची यात्रा करायला निघालेली कुटुंबे अशा वाटांनी चालत. त्यांतले काही जण घरी पोचतच नसत. कुठल्या मुक्कामावर काय झाले, हे सांगायला मागे कुणी उरत नसे.

या बेपत्ता वाटसरूंचा शोध पुढे जबलपूर आणि सागर या दोन गावांतून लागला. तो शोध पोलिसी होता, पण त्यातून एक वेगळाच प्रश्न वर आला. कोणताही राग नसताना, ओळख करून घेऊन, गोड बोलून, एकाच ताटात जेवून मग माणसाचा गळा आवळणाऱ्याचे मन असते तरी कसे? युरोपातल्या विद्वानांनी या प्रश्नाचे उत्तर आधी माणसाच्या कवटीत शोधले, मग रक्तात, मग स्वभावात. त्या शोधाचा एक धागा नर्मदेच्या काठावरून जातो. त्याची किंमत मात्र पुढे सोलापूर-लातूरच्या पालांवर राहणाऱ्या माणसांना मोजावी लागली. म्हणून ही हकिकत मराठी वाचकाने मुळापासून समजून घ्यायला हवी.

वाट आणि रुमाल

हा मुलूख काही दशके मराठ्यांच्या ताब्यात होता. पेशव्यांच्या वतीने गोविंदपंत बुंदेल्यांनी सागरला बस्तान बसवले. १७८१ मध्ये मंडला-जबलपूरचा प्रदेश सागरच्या मराठ्यांकडे आला आणि १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला. डिसेंबर १८१७ मध्ये कंपनीच्या फौजेने जबलपूर घेतले. पुढच्या वर्षी पेशवाई बुडाली, पेंढारी मोडले, आणि या भागाला ‘सागर-नर्मदा प्रदेश’ असे नवे नाव मिळाले.

वाटसरूंचा गळा आवळून त्यांना लुटणारे ठग त्याआधीही होते. पण या उलथापालथीत त्यांच्या धंद्याला सगळ्या बाजूंनी पोषक हवा मिळाली. लढाया संपल्या तशी हजारो शिपायांची रोजी गेली. माळव्यातला अफूचा व्यापार वाढला, त्याबरोबर रोकड आणि जडजवाहीर यांची ने-आण वाढली. कंपनी, शिंदे, होळकर, भोपाळ, बुंदेलखंडातली छोटी संस्थाने अशा डझनभर सरहद्दी एकमेकींना चिकटून होत्या. एका हद्दीत खून करून दुसऱ्या हद्दीत शिरले की पाठलाग संपला. लुटीतला वाटा घेऊन आसरा देणारे जमीनदारही होते. शिवाय प्रवासच महिनोन्‌महिन्यांचा असे. माणूस परतला नाही तर घरचे आधी वाट पाहत, मग आजार, वाघ किंवा पूर यांना दोष देत. खून झाला आहे अशी शंका येण्याआधीच वर्ष सरलेले असे.

दसऱ्यानंतर थंडी पडू लागली की टोळ्या बाहेर पडत. टोळीत कामे वाटलेली असत. सोठा वाटसरूंशी ओळख काढी आणि ‘रस्ता धोक्याचा आहे, सोबतीने जाऊ’ म्हणून त्यांना आपल्यात ओढी. लुघा पुढे जाऊन खड्डे खणून ठेवी. भुरटोट रुमालाने गळा आवळी आणि त्याचा साथीदार हात-पाय धरून ठेवी. बऱ्याचदा पहाटे, मुक्काम हलवताना किंवा विसाव्याला बसल्यावर, कुणीतरी तंबाखूबद्दल एखादे साधे वाक्य बोले. ती ठरलेली खूण असे. रक्त सांडत नसे, आरडाओरडा होत नसे. थोड्याच वेळात प्रेते पुरलेली असत. खुनासाठी ठरलेल्या अशा जागांना ठग ‘बेल’ म्हणत.

कचेरीपासून चारशे यार्डांवर

विल्यम हेन्री स्लीमन हा इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात १७८८ मध्ये जन्मलेला माणूस. १८०९ मध्ये तो बंगालच्या फौजेत दाखल झाला, नेपाळच्या युद्धात लढला आणि १८२० मध्ये मुलकी कामासाठी सागर-नर्मदा प्रदेशात आला. १८२२ पासून नरसिंहपूर जिल्हा त्याच्याकडे होता. जिल्ह्यात घडणारा एकही गुन्हा आपल्या नजरेतून सुटत नाही, असा त्याचा तेव्हा समज होता. पुढे पकडलेल्या ठगांनीच त्याला सांगितले, की त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात एक टोळी राहत होती आणि एका मजलेवरच्या मंडेसरच्या आमराया हे हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या बेलांपैकी एक होते. हा धक्का स्लीमनने स्वतःच लिहून ठेवला आहे.

१८२८ मध्ये त्याने जबलपूर जिल्हा हाती घेतला. त्याच वर्षी जबलपूरच्या एका टेकडीवर त्याला प्रचंड हाडांचे अश्मावशेष सापडले. ती डायनोसॉरची हाडे होती. जमिनीतून हाडे उकरायची, त्यांची नोंद ठेवायची, तुकड्याला तुकडा जुळवायचा ही त्याच्या मनाची धाटणीच होती, आणि ठगांच्या बाबतीतही त्याने तेच केले.

ऑक्टोबर १८३० मध्ये कलकत्त्याच्या एका साहित्यिक नियतकालिकात एक निनावी पत्र छापून आले. ठग आणि विंध्याचलच्या देवीचे मंदिर यांचे नाते उघड करून सरकारला जागे करणारे ते पत्र स्लीमनचेच होते. तेव्हा लॉर्ड विल्यम बेंटिंक गव्हर्नर जनरल होता आणि सागरला एफ. सी. स्मिथ हा त्याचा एजंट होता. वरून पाठबळ मिळाले, मोहीम सुरू झाली. त्याच थंडीत फिरंगिया नावाचा तरुण, रुबाबदार ब्राह्मण जमादार हाती लागला. जीव वाचवण्याच्या बोलीवर तो माफीचा साक्षीदार झाला. सागरजवळच्या एका मुक्कामावर स्लीमनचा तंबू ठोकलेला होता. तिथे त्याने जमिनीकडे बोट दाखवले, खणायला लावले आणि जुन्या खुनांतले सांगाडे एकामागून एक बाहेर आले.

तिथून पुढे सगळे काम माफीच्या साक्षीदारांवर उभे राहिले. एकाने दुसऱ्याचे नाव घ्यायचे, दुसऱ्याने तिसऱ्याचे. साक्षीदार वेगवेगळे ठेवायचे, त्यांची सांगणी ताडून पाहायची, प्रेते उकरायची, बेलांचे नकाशे काढायचे. स्लीमनने ठग घराण्यांच्या वंशावळीही तयार करवल्या. १८३५ मध्ये तो ठगांच्या बंदोबस्ताचा सुपरिंटेंडेंट झाला आणि जबलपूर हे मोहिमेचे मुख्य ठाणे बनले. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा ठरवला. अमुक दिवशी अमुक खून केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ जणांचा निकाल लागला. त्यांतले ४१२ फासावर गेले, ४८३ माफीचे साक्षीदार झाले, उरलेल्यांना काळे पाणी किंवा कैद मिळाली. काही कैद्यांच्या शरीरावर त्यांचा गुन्हा गोंदवण्यात आला. आरोपींना वकील नव्हता. बहुतेक पुरावा त्यांच्याच जुन्या साथीदारांच्या तोंडचा होता.

रस्ते निर्धोक झाले, यात शंका नाही. पण एक माणूस काय करतो याऐवजी तो कोणत्या टोळीतला आणि कोणाच्या घरातला, हे कायद्याने विचारायला सुरुवात केली, तीही इथूनच.

गूळ चाखलेली माणसे

१८३६ मध्ये स्लीमनचे ‘रामासीआना’ हे पुस्तक कलकत्त्याला छापले गेले. ठगांच्या ‘रामसी’ या गुप्त बोलीचा तो कोश होता आणि त्याला जोडून ठगांशी झालेले लांबलचक संवाद होते. खुन्यांना समोर बसवून, त्यांच्याच शब्दांत त्यांचे मन टिपण्याचा इतका सविस्तर प्रयत्न त्या काळात क्वचितच कुठे झाला असेल. आजच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही ही संभाषणे वाचावीत अशी आहेत.

या संभाषणांत निर्दय राक्षस भेटत नाहीत, आणि त्यामुळेच ती अधिक अस्वस्थ करतात. ही माणसे बायका-मुलांवर माया करणारी होती. गावात ती शेती करत, शेजाऱ्यांशी सरळ वागत. टोळीतल्या सोबत्याला दगा देणे त्यांना पाप वाटे. खुनाचेही नियम होते. बाईला मारायचे नाही. भाट, फकीर, अपंग, गंगेचे पाणी नेणारे कावडीवाले यांना हात लावायचा नाही. हे नियम वारंवार मोडले गेले. आपला नाश त्यामुळेच झाला, देवी त्यामुळेच कोपली, असे पकडले गेलेले ठग मनापासून मानत. मारलेल्या वाटसरूंची लहान मुले काही जण घरी नेऊन वाढवीत.

दया येत नाही का, असे स्लीमनने त्यांना विचारले. येते, असे उत्तर मिळाले. फिरंगियाने त्यावर आपली उपपत्ती मांडली. खुनानंतर देवीच्या नावाने वाटला जाणारा तपोनीचा गूळ एकदा चाखला की माणसाचा स्वभावच पालटतो. त्याची स्वतःची आई सुखवस्तू घरातली होती, त्याला चांगली नोकरीही मिळाली होती. पण बापाने लहानपणीच तो गूळ चाखवला, त्यामुळे टोळीपासून दूर राहिलो की जीव रमेना, असे त्याने सांगितले. आता हजार वर्षे जगलो तरी दुसरा धंदा जमायचा नाही, असा त्याचा दावा होता.

गुळातली जादू बाजूला ठेवू. उरते ते असे: बापाने लहान वयात दिलेली दीक्षा, टोळीने दिलेला मान, देवाच्या नावाने मिळालेली परवानगी आणि सवय. फिरंगियाने क्रौर्याचे मूळ आपल्या शरीरात नव्हे, आपल्या घडणीत दाखवले होते. सागरहून एडिंबरोला गेलेल्या ठगांच्या सात कवट्यांपुढे मात्र वेगळाच प्रश्न ठेवला जाणार होता.

एडिंबरोच्या टेबलावर

व्हिएन्नाच्या फ्रान्झ योझेफ गाल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस एक नवी विद्या काढली होती. मनाची प्रत्येक वृत्ती मेंदूच्या ठरावीक भागात राहते, तो भाग मोठा असेल तर कवटीला तिथे उंचवटा येतो आणि म्हणून डोके चाचपून स्वभाव सांगता येतो, असा त्याचा दावा होता. ही फ्रेनॉलॉजी. कानाच्या वरचा उंचवटा हे गालच्या मते खुनाच्या वृत्तीचे स्थान होते. त्याचा शिष्य स्पुर्झाइम याने त्याला ‘विध्वंसवृत्ती’ असे सौम्य नाव दिले. १८२० मध्ये जॉर्ज कोम्ब आणि त्याचा भाऊ अँड्र्यू यांनी एडिंबरोत फ्रेनॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली आणि जगभरातून कवट्या गोळा होऊ लागल्या.

सागरला तेव्हा हेन्री हार्पर स्प्राय नावाचा सर्जन होता. १८३२ मध्ये तिथे ठगांना दिलेली फाशी त्याने लिहून ठेवली आहे. मरायला निघालेली ही माणसे शांत होती, विंध्याचलच्या देवीचा जयजयकार करत होती, स्वतःच्या हाताने फास गळ्यात अडकवत होती. फाशी गेलेल्यांपैकी सात जणांच्या कवट्या स्प्रायने प्रत्येकाच्या माहितीसह सरकारचा मुख्य सचिव जॉर्ज स्विंटन याच्याकडे दिल्या. स्विंटनमार्फत त्या १८३३ मध्ये एडिंबरोला पोचल्या. दुसऱ्या वर्षी रॉबर्ट कॉक्स याने सोसायटीच्या नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला.

खुनी वृत्ती जन्मजात असते हे सिद्ध करायला याहून चांगला पुरावा कुठे मिळणार, अशी अपेक्षा होती. मोजमापे झाली, पण अपेक्षेइतका ठळक ‘विध्वंसवृत्ती’चा उंचवटा मिळेना. मग कॉक्सने लोभ, लपवाछपवीची वृत्ती, सदसद्विवेकाचा कमकुवतपणा आणि या सगळ्याबरोबर लहानपणापासूनचे वळण व अंधश्रद्धा यांचा आधार घेऊन गाठ सोडवली. कवटीवर विश्वास ठेवणाऱ्या विद्वानालाही कवटीबाहेर जावे लागले. खरे तर तिथेच ही विद्या संपायला हवी होती. पण हवा तो पुरावा मिळाला नाही म्हणून सिद्धान्त सोडण्याऐवजी तिने स्पष्टीकरणेच वाढवली. त्या कवट्या एडिंबरो विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्राच्या संग्रहात राहिल्या.

रक्ताचा सिद्धान्त

वेड्यांच्या रुग्णालयांमध्ये त्याच सुमारास वेगळ्या दिशेने विचार चालू होता. पॅरिसचा डॉक्टर फिलिप पिनेल याने १८०१ च्या ग्रंथात बुद्धी शाबूत असूनही हिंसक होणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले होते. एरवी आपली मालमत्ता शहाणपणाने सांभाळणारा एक लाडावलेला श्रीमंत माणूस रागाच्या भरात एका बाईला विहिरीत फेकून देतो, हे त्यातले गाजलेले उदाहरण. १८३५ मध्ये ब्रिस्टॉलच्या जेम्स काउल्स प्रिचर्डने अशा अवस्थांना ‘नैतिक वेड’ असे नाव दिले. विचारशक्ती ठीक आहे, पण भावना आणि नीतीची जाणीव बिघडली आहे, असे त्याचे म्हणणे. प्रिचर्डचा ग्रंथ आणि स्लीमनचे पुस्तक एका वर्षाच्या अंतराने आले. दोघांपुढे प्रश्न एकच होता, पण प्रिचर्ड एकेका रुग्णाकडे पाहत होता आणि स्लीमनच्या वंशावळी घराण्यांकडे.

पुढच्या पन्नास वर्षांत सरकारी डोक्यात वंशावळ जिंकली. त्याला कादंबरीनेही हातभार लावला. निजामाच्या नोकरीत असलेल्या आणि पुढे नळदुर्गचा कारभार पाहिलेल्या फिलिप मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ १८३९ मध्ये आली आणि इंग्लंडात घरोघरी वाचली गेली. ठग म्हणजे जन्मापासून खुनी, हे चित्र पक्के झाले. जबलपूरला मात्र याच्या उलट पुरावा रोज डोळ्यांसमोर होता. माफीचे साक्षीदार आणि त्यांची मुले यांच्यासाठी तिथे उद्योगशाळा काढली होती. ज्यांच्या रक्तात खून आहे असे सांगितले जात होते, ती माणसे तिथे तंबू शिवत होती, गालिचे विणत होती, आणि त्यांचा माल दूरवर विकला जात होता.

१८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार, असा त्यामागचा युक्तिवाद होता. पाच वर्षांनी, १८७६ मध्ये, इटलीच्या चेझारे लोम्ब्रोझोने ‘जन्मजात गुन्हेगारा’चा सिद्धान्त मांडला. एका दरोडेखोराच्या कवटीतल्या खळग्यावरून ही कल्पना आपल्याला सुचल्याचे तो सांगे. कवटी परत आली होती, आणि या वेळी तिच्या मागे कायदाही उभा होता.

तो कायदा आधी उत्तरेत होता. १९११ मध्ये त्याची कक्षा वाढली आणि मुंबई इलाखाही तिच्यात आला. पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. पोलिसपाटलाकडे हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. तिथली माणसे गिरणीत राबत आणि संध्याकाळी पुन्हा कुंपणात येत. ‘सेटलमेंट’ हा शब्द सोलापूरच्या वस्त्यांच्या नावात आजही आहे. त्या कुंपणात जन्मलेले मूल पाळण्यातच गुन्हेगार ठरत होते.

प्रकार पाडण्याचा प्रयत्न

इकडे रुग्णालयांत काम करणाऱ्यांनी माणसांचे प्रकार पाडायला सुरुवात केली. जर्मनीत कोख याने १८९१ पर्यंत ‘सायकोपॅथिक’ हा शब्द रूढ केला. पण त्यात त्याने वेडाच्या पलीकडचे जवळजवळ सगळे स्वभावदोष कोंबले. १९१५ च्या आवृत्तीत एमिल क्रेपेलिनने सात प्रकार सांगितले: चटकन भडकणारे, अस्थिर, लहरीच्या आहारी जाणारे, विक्षिप्त, खोटारडे आणि लबाड, समाजाचे वैरी आणि भांडकुदळ. त्याच्या यादीत डॉक्टरपेक्षा न्यायाधीशाचा आवाज अधिक ऐकू येतो.

कुर्ट श्नायडरने १९२३ मध्ये ती चूक ओळखली. स्वतःच्या विचित्र स्वभावामुळे जो स्वतः तरी त्रास भोगतो किंवा समाजाला तरी त्रास देतो, तो सायकोपॅथिक व्यक्तिमत्त्वाचा, अशी व्याख्या करून त्याने दहा प्रकार मांडले. उत्साहाने उतू जाणारा, खिन्न, आत्मविश्वास हरवलेला, एककल्ली, लक्ष वेधून घेणारा, मनःस्थिती सतत पालटणारा, स्फोटक, भावनाशून्य, दुबळ्या इच्छाशक्तीचा आणि कायम थकलेला, असे ते दहा. यातला फक्त ‘भावनाशून्य’ हा आज आपण ज्याला सायकोपॅथ म्हणतो त्याच्या जवळ जातो. बाकीचे बहुतेक आपल्या शेजारीपाजारी, कदाचित घरातच राहतात.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टाचा डॉक्टर हर्वे क्लेकली याने १९४१ मध्ये या गर्दीतून एक चेहरा नेमका उचलला. गोड बोलणारा, हुशार, वरून अगदी शहाणा. पण पश्चात्ताप नाही, लाज नाही, प्रेम नाही, शब्दाची किंमत नाही, अनुभवातून शिकणे नाही. त्याच्या पुस्तकाचे नावच ‘शहाणपणाचा मुखवटा’ अशा अर्थाचे आहे. त्याच दशकात वॉशिंग्टनच्या बेंजामिन कार्पमनने आणखी एक भेद केला. काहींमध्ये भावनांचे मूळच कोरडे असते, त्यांना त्याने प्राथमिक सायकोपॅथ म्हटले. काही जण भीती, छळ किंवा आतल्या संघर्षातून तसे वागतात, ते दुय्यम. वरून कृत्य सारखेच दिसते, आतले कारण वेगळे असते. १९५७ मध्ये डेव्हिड लिकेनने प्रयोग करून दाखवले, की विजेचा झटका टाळायला इतर माणसे पटकन शिकतात, पण प्राथमिक सायकोपॅथना ते शिकणे अवघड जाते. त्यांच्यात भीतीच कमी असते.

लिकेनच्या प्रयोगाआधीचे १९५२ साल इथे महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकन मनोविकार संघटनेने मनोविकारांची आपली पहिली वर्गवारी छापली. तीत ‘समाजविरोधी’ माणसापासून एक प्रकार मुद्दाम वेगळा काढला होता, ‘डिससोशल’. जन्मभर विकृत नीतीच्या वातावरणात वाढल्यामुळे समाजाचे नियम न मानणारे, पण आपल्या लोकांशी पक्की निष्ठा ठेवू शकणारे आणि टोळीची रीत पाळण्यापलीकडे स्वभावात विशेष बिघाड नसलेले, असे त्या प्रकाराचे वर्णन होते.

हे वर्णन फिरंगियाचे आहे. तपोनीच्या गुळाची गोष्ट सांगताना त्याने जे सुचवले होते, तेच शंभराहून अधिक वर्षांनी मानसशास्त्राच्या परिभाषेत लिहिले गेले. क्लेकलीचा सायकोपॅथ टोळीत टिकलाच नसता. त्याने सोबत्यांना विकले असते, नियम पाळले नसते, मोहिमेची महिनोन्‌महिन्यांची शिस्त त्याला पेलली नसती. जबलपूर-सागरच्या फासावर गेलेल्यांत काही जण खरोखर भावनाशून्य असतीलही. पण ठगी ही संस्था उभी होती ती निष्ठा, घरोबा, श्रद्धा आणि भूक या सर्वसाधारण माणसाच्या गुणधर्मांवर.

आणि त्याच १९५२ च्या ३१ ऑगस्टला भारत सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द केला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

एका माणसाकडे पाहणे

यानंतर वर्गीकरण अधिक काटेकोर झाले. १९८० च्या वर्गवारीत ‘समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार’ आला. तो मुख्यतः वागणुकीवर आधारलेला होता आणि अठरा वर्षांखालच्या कुणाला लावता येत नव्हता. व्हँकूव्हरच्या रॉबर्ट हेअरने १९९१ मध्ये वीस मुद्द्यांची तपासणी-सूची प्रसिद्ध केली. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण चाळीस. उत्तर अमेरिकेत साधारण तीस ही रेषा धरली जाते. तिचे दोन भाग पडतात. एकात कोरडेपणा, बढाई, फसवणूक. दुसऱ्यात बेफिकीर, आवेगी, गुन्हेगारी जगणे. तुरुंगातले अनेक जण दुसऱ्या भागात भरपूर गुण मिळवतात, पण पहिल्यात नाही. म्हणजे गुन्हेगार आणि सायकोपॅथ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणे चूक आहे.

हा फरक किती महत्त्वाचा, हे मुंबईने पाहिले आहे. १९६८ मध्ये झोपडपट्टीत आणि पदपथांवर झोपलेल्या माणसांचे खून करणारा रामन राघव पकडला गेला. शहर दहशतीत होते, त्याला फाशीची शिक्षा झाली. पण उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याच्याशी अनेकदा बसून संवाद साधला आणि त्याला दीर्घकाळचा पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया असल्याचे सांगितले. तो थंड डोक्याचा सायकोपॅथ नव्हता, भ्रमात जगणारा रुग्ण होता. फाशी जन्मठेपेत बदलली आणि १९९५ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या हातून गेलेले जीव त्यामुळे परत आले नाहीत. पण न्यायसंस्थेने एका माणसाला त्याची जात, जन्म किंवा कवटी न पाहता एक माणूस म्हणून तपासले. १८३२ च्या सागरमध्ये हे झाले नव्हते.

स्लीमनचे मोठेपण मी नाकारत नाही. रस्त्याच्या कडेला निनावी पुरल्या गेलेल्या असंख्य माणसांना त्याने निदान न्यायाच्या नोंदीत आणले, आणि खुन्यांचे म्हणणे आधी ऐकून घेण्याइतका तो जिज्ञासू होता. १८५६ मध्ये मायदेशी परतताना समुद्रावरच तो वारला. जबलपूर-कटनी रस्त्यावरच्या स्लीमनाबादने त्याचे नाव जपले आहे. पण त्याने जमवलेल्या वंशावळींचा पुढे जो वापर झाला, त्याने किती निरपराध पिढ्यांना गुन्हेगार ठरवले, याचा हिशेबही याच इतिहासात मांडावा लागतो. एका टोळीच्या गुन्ह्यांवरून उचललेला रक्ताचा सिद्धान्त अशा जमातींवर लादला गेला, ज्यांचा ठगीशी काहीही संबंध नव्हता.

कायदा जाऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, पण संशय गेला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने मराठीत आली, दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि या संशयाचे ओझे जगणाऱ्याच्या तोंडून आपल्याला कळले. तरीही गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते. कवटी मोजणारी विद्या शास्त्राने केव्हाच फेकून दिली आहे. सायकोपॅथीचे प्रकार पाडणाऱ्या मानसशास्त्राने दीडशे वर्षांच्या वळणांनंतर एवढे नक्की सांगितले, की निदान फक्त एकेका व्यक्तीचे होते, कोणत्याही जमातीचे होत नाही. पोलीस ठाण्यात, शाळेच्या प्रवेशखिडकीवर, घर भाड्याने देताना आणि कामावर माणूस ठेवताना हे वाक्य पाळणे आता आपल्या हातात आहे.